सोपानाचा धडा आणि बहिणाईचे गाणे

गेल्या हिवाळ्यात आमच्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर धुळे तालुक्यातील एका खेड्यात झाले. सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक आणि संध्याकाळी जिल्हा परिषदेच्या शाळेतील पहिली ते चौथीच्या मुलांना घेऊन बसणे, असा आमचा दिनक्रम होता. एके दिवशी तेथील गुरुजींनी मुलांच्या आयांना शाळेत बोलावले. वीस-पंचवीस बायका शेतातून आल्या त्या तशाच येऊन बसल्या. वर्गात काय चालते ते गुरुजींनी समजावून सांगितले. आधी अक्षरे, मग बाराखडी, मग जोडाक्षरे. बेरीज-वजाबाकी आली की हातचा. तिसरीपासून परिसर अभ्यास. शेवटी त्यांनी विनंती केली, की रोज घरी अर्धा तास मुलांचा अभ्यास घेत जा. तेव्हा मागच्या रांगेतील एक बाई उठली. आपल्याला अक्षर येत नाही, तर घ्यायचे काय आणि द्यायचे काय, असे तिने विचारले आणि पदर तोंडाला लावून खाली बसली. बाकीच्या हसल्या, पण त्यात थट्टा नव्हती. बहुतेकींची गत तीच होती.

मी तेथेच उभा होतो. मला उत्तर देता आले नाही. पुढे मराठीच्या अभ्यासासाठी बहिणाबाई चौधरींची गाणी व त्यांचे चरित्र पुन्हा वाचत असता एका प्रसंगापाशी थांबलो आणि ती बाई डोळ्यांपुढे आली. हा लेख त्या निमित्ताने.

बहिणाबाईंचा जन्म १८८० साली नागपंचमीच्या दिवशी जळगावजवळच्या असोदे गावी महाजनांच्या घरी झाला. वडील उखाजी, आई भीमाई. तीन भाऊ, तीन बहिणी असे भरले घर. पुण्यात सावित्रीबाई फुल्यांनी मुलींना शिकवायला सुरुवात केली ती १८४८ साली. त्याला तोवर बत्तीस वर्षे लोटली होती, पण शेतकऱ्याच्या या लेकीच्या हाती पाटी काही आली नाही. तेराव्या वर्षी जळगावच्या नथुजी खंडेराव चौधरींशी लग्न होऊन त्या सासरी आल्या. ओंकार, सोपान आणि काशी ही त्यांची मुले. त्या काळात प्लेगाने आपला मुलूख पोळून काढला होता. ओंकार त्यात सापडला. जीव वाचला, पण कायमचे अपंगत्व आले. पुढे ऐन तिशीत बहिणाबाईंना वैधव्य आले. सोपानचा जन्म १९०७ चा. म्हणजे वडील गेले तेव्हा तो अगदीच लहान होता.

या दुःखाविषयी त्या गाण्यांतून बोलल्या, पण रडगाणे गायल्या नाहीत. ज्योतिषाला उद्देशून त्यांचे एक गाणे आहे. त्यात त्या ज्योतिषाला दारी येऊ नको म्हणून बजावतात. आपले दैव आपल्याला कळते, ते सांगायला दुसरा कोणी नको, असा त्याचा भाव. घर, शेत आणि तीन मुले असा गाडा ओढणाऱ्या बाईच्या तोंडी हे शब्द शोभतात.

पाटी मिळाली नाही म्हणून त्या शिकल्या नाहीत, असे मात्र म्हणता येणार नाही. जात्यावरच्या ओव्या, सणावारांच्या कहाण्या, शेतातली पेरणी, मोट, सुगरणीचा खोपा, हे सारे त्यांच्या कानांनी आणि डोळ्यांनी टिपले. आपल्याला बोली शिकवणारी आई म्हणजे प्रत्यक्ष सरस्वती, असे त्यांनी एका गाण्यात सांगितले आहे. दळता-कांडता, शेतात राबता राबता गाणी सुचत, आणि सुचली तशी म्हटली जात. ती कोणी लिहून ठेवावीत, हे कोणाच्या मनातही नव्हते.

आता तो प्रसंग. सोपान शाळेत जाऊ लागला होता. त्याच्या क्रमिक पुस्तकात सत्यवान-सावित्रीची गोष्ट होती. ती त्याने घरी आईला सांगितली. आईने ऐकली. दुसरा दिवस उजाडला तो त्याच गोष्टीवरचे आईचे गाणे घेऊन! रात्री पुस्तकातून निघालेली सावित्री सकाळी आईच्या बोलीत, आईच्या चालीवर घरात वावरत होती. आपली आई कोण आहे, हे सोपानला त्या दिवशी कळले, आणि त्याने वहीत तिची गाणी लिहून घ्यायला सुरुवात केली. सोपानदेवांनीच ही हकीकत सांगून ठेवली आहे म्हणून आपल्यापर्यंत ती आली.

या प्रसंगाकडे आपण सहसा कवयित्रीची थोरवी म्हणून पाहतो. ती आहेच. पण मला त्यात सोपानाचा अभ्यास दिसतो. मुलाने धडा स्वतःशी वाचला तर अर्धा कळला तरी चालून जाते. पण समोरच्या माणसाला पुस्तक वाचता येत नसेल, तर गोष्ट नीट उलगडून सांगावीच लागते. कोण कोणाला काय म्हणाले, यम का आला, सावित्रीने काय मागितले, यातले एक जरी निसटले तरी ऐकणाऱ्याला पुढचे समजत नाही, आणि तो लगेच अडवतो. म्हणजे अक्षर न येणारी आई हा मुलाचा खरा परीक्षक! साक्षर पालक पुस्तकात डोकावतो आणि मूल अडखळले की शब्द पुरवतो. आईला ती सोय नव्हती, म्हणून सांगण्याचे सारे ओझे सोपानावर पडले. आणि मग आईने ऐकून सोडून दिले नाही. ऐकलेले आपल्या भाषेत परत दिले. धड्याला याहून मोठी दाद कोणती?

आमच्या गुरुजींनी सांगितलेल्या अर्ध्या तासात हेच करता येण्यासारखे आहे. त्याला शिकवणीची फी पडत नाही. चार बुकं शिकलेले आम्ही लोक मात्र खेड्यातल्या आईला पहिला सल्ला देतो तो शिकवणी लावण्याचा, हे कबूल केले पाहिजे.

दुसरी गोष्ट भाषेची. १९०६ साली खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, १९६० नंतर त्यांची नावे जळगाव आणि धुळे अशी रूढ झाली. पण बोलींनी या वाटण्या कधी मानल्या नाहीत. बहिणाबाईंची बोली लेवा गणबोली. आमच्या धुळ्याकडे अहिराणी. दोन्ही पुस्तकातल्या मराठीहून निराळ्या. मी दुसरीत असताना वहीत ‘माझे घर’ऐवजी ‘मन्हं घर’ लिहिले होते, आणि त्यावर लाल शाईची फुली बसली होती. फुलीचे मला फारसे वाईट वाटले नाही. वाईट झाले ते नंतर. त्या दिवसापासून आई बोलली की मी तिला सुधारू लागलो. काही महिन्यांत ती माझ्याशी अभ्यासाचे बोलेनाशी झाली. मीही तिला धडा वाचून दाखवणे सोडले. तिला काय कळणार, अशी माझी समजूत! सोपानची तशी समजूत झाली असती, तर सावित्रीची ती गोष्ट पुस्तकातच राहिली असती. माझ्या बाबतीत काय काय राहून गेले, त्याचा हिशेब मला आता लागणार नाही.

मात्र निरक्षरतेचे गोडवे गाण्यासाठी बहिणाबाईंचे नाव घेणे मला मान्य नाही. व्यासपीठावरून पुष्कळदा तसे होते. शाळा नसूनही त्या मोठ्या झाल्या हे खरे. पण अक्षर नव्हते म्हणून त्यांची किती गाणी वाऱ्यावर गेली, याचाही विचार करावा. जी उरली ती सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी लिहून ठेवली म्हणून उरली. शाळेत गेलेल्या हातांनी ती वाचवली. बहिणाबाईंना छापील अक्षराचे मोल ठाऊक होते. छापखान्यावर त्यांचे एक गाणे आहे. कोरा कागदसुद्धा छापून शहाणा होतो आणि माणूस मात्र येडाच राहतो, असा त्यातला विचार आहे. स्वतःला वाचता येत नसता छापखान्याकडे इतक्या मिस्कील डोळ्यांनी पाहणारी बाई विरळाच.

३ डिसेंबर १९५१ रोजी जळगावी बहिणाबाईंचे निधन झाले. तोवर सोपानदेव कवी म्हणून महाराष्ट्राला परिचित झाले होते, आई मात्र घरापुरती होती. सोपानदेवांनी आईच्या गाण्यांची वही संकोचतच आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्र्यांना ती पाहताच सोने सापडल्यासारखे झाले. त्यांच्याच आग्रहाने आणि त्यांच्या प्रस्तावनेसह १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक निघाले. पुढे १९८२ साली सोपानदेवही गेले. जळगावच्या आपल्या विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाईंचे नाव मिळाले. पदवीच्या कागदावर आता ते छापलेले असते. ज्यांना क्रमिक पुस्तक वाचता आले नाही, त्यांची कविता क्रमिक पुस्तकांत आली. ती शिकवताना शिक्षकांना शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहावे लागतात. खानदेशातल्या मुलाला मात्र त्यातले पुष्कळ शब्द घरी ऐकलेले असतात. वर्गात इतरांआधी अर्थ सांगण्याचा मान तेवढ्या एका तासाला त्याला मिळतो.

अलीकडे सरकारी योजनांचाही कल इकडे वळला आहे. २०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे व साधे हिशेब यावेत, असे उद्दिष्ट ठेवले गेले. आपल्या राज्यात २०२२ साली शाळापूर्व तयारीच्या निमित्ताने गावोगाव माता पालक गट स्थापन करण्यात आले. कागदावर गट होणे सोपे. त्यातल्या आयांना आपल्याजवळ काही देण्यासारखे आहे असे वाटणे अवघड, हे त्या संध्याकाळी मी पाहिले होते.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी मी एका मित्राबरोबर पुन्हा त्या गावी गेलो. त्या बाईचे घर शोधून काढले. तिचा मुलगा तिसरीत होता. ओट्यावर बसून त्याला परिसर अभ्यासाचे पुस्तक काढायला लावले आणि आपल्या आईला धडा सांग म्हटले. पाण्याचा धडा होता. तो वाचत गेला. ती शेंगा निवडता निवडता ऐकत होती. विहिरीचे नाव आले तशी तिने हात थांबवला. हे पुस्तकातले ठीक आहे, पण आपल्या मळ्यातल्या विहिरीला पाणी किती हातांवर लागले, तुझ्या आजोबांनी ती कोणत्या वर्षी खणली आणि कोणत्या उन्हाळ्यात ती कोरडी पडली, हे त्यात आहे का, असे तिने मुलाला विचारले. मुलाने पुस्तकाची पुढची दोन पाने उलटून पाहिली आणि नाही म्हणून सांगितले. मग तिने अहिराणीत विहिरीची सगळी हकीकत सांगायला सुरुवात केली. पोरगा थोडा वेळ ऐकत राहिला आणि मग घरात जाऊन वही-पेन्सिल घेऊन आला.