मुलांचा शूमान

पाश्चात्य संगीताचे जाणकार रॉबर्ट शूमानचे नाव घेतात ते त्याच्या सिंफनींसाठी आणि गीतांसाठी. मला तो जवळचा वाटतो तो निराळ्याच कारणाने. लहान मुलाला पियानो शिकवायचा तर आधी त्याच्या बोटांना व्यायाम द्यावा की आधी त्याच्या मनाला गोष्ट द्यावी, ह्या प्रश्नाचे त्याच्याइतके सुंदर उत्तर दुसऱ्या कोणी दिलेले माझ्या पाहण्यात नाही. आणि हे उत्तर देणाऱ्याचा स्वतःचा हात अधू होता.

शूमानचा जन्म ८ जून १८१० रोजी सॅक्सनीतील त्स्विकाउ गावी झाला. वडील पुस्तकविक्रेते आणि प्रकाशक, त्यामुळे घरात वाचनाची चंगळ. वडील वारल्यावर आईच्या इच्छेखातर तो १८२८ मध्ये कायदा शिकायला लाइपझिगला गेला. पण त्याचे पाय कायद्याच्या वर्गापेक्षा फ्रीडरिश वीक ह्या पियानोशिक्षकाच्या घराकडेच अधिक वळत. १८३० मध्ये तो तेथेच राहायला गेला. वीकची मुलगी क्लारा तेव्हा अकरा वर्षांची होती. संध्याकाळी हा वीस वर्षांचा विद्यार्थी तिला आणि तिच्या भावांना भोवती बसवून भुताखेतांच्या गोष्टी सांगे, कोडी घाली.

मुलांना रिझवणारा हा तरुण स्वतःच्या बोटांशी मात्र निष्ठुरपणे वागला. थोर वादक होण्याच्या हव्यासाने त्याने अतोनात मेहनत केली, बोट ताणून धरणारे एक यांत्रिक साधनही वापरले. दुखापतीच्या खऱ्या कारणाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पण १८३२ च्या सुमारास उजव्या हाताचे मधले बोट कामातून गेले, आणि वादक होण्याचे स्वप्नही. उरली ती रचना आणि लेखणी. १८३४ मध्ये त्याने मित्रांसह संगीताला वाहिलेले नियतकालिक सुरू केले. क्लाराशी लग्न करायला वीकने कडाडून विरोध केला. प्रकरण न्यायालयात गेले, आणि १२ सप्टेंबर १८४० रोजी ते लग्न झाले.

१८३८ मध्ये त्याने बालपणाची तेरा लहान चित्रे पियानोसाठी लिहिली होती. पण ती मोठ्या माणसाने मागे वळून पाहिलेली. मुलांनी स्वतः वाजवावे असे पुस्तक दहा वर्षांनी ड्रेस्डेनला झाले. आदल्या वर्षी त्यांचा दीड वर्षाचाही न झालेला एमिल गेला होता. युरोपभर क्रांतीचा वणवा पेटला होता. अशा १८४८ साली, थोरली मारी १ सप्टेंबरला सात वर्षांची होणार म्हणून शूमानने तिच्यासाठी काही छोटे तुकडे लिहिले. शिकवणीत मुलांच्या माथी मारले जाणारे तुकडे फारच सामान्य असतात, असे ह्या दांपत्याचे मत होते. वाढदिवसाची ती भेट वाढत वाढत त्रेचाळीस तुकड्यांचे पुस्तक झाली. पहिले अठरा लहानांसाठी, पुढचे जरा मोठ्यांसाठी.

आपल्याकडे पेटी शिकणारे मूल महिनोन्‌महिने अलंकार घोटते. कन्नड विभागाच्या वाचकांना पुरंदरदासांच्या नावे चालत आलेल्या सरळे वरसे आठवतील. त्यांचे मोल मी नाकारत नाही. शूमाननेही नाकारले नव्हते. लहान वादकांसाठी त्याने लिहिलेल्या नियमांत स्वरपाठ नेमाने करायला सांगितलेच आहे. मात्र नुसत्या बोटांच्या वेगालाच संगीत समजणे म्हणजे वर्णमाला दिवसेंदिवस अधिक भरभर म्हणत राहणे, असा टोलाही त्याने दिला.

त्याच्या पुस्तकात व्यायाम आहे, पण तो गोष्टीच्या पोटात आहे. एक रानदांडगा घोडेस्वार येतो. आधी तो उजव्या हातात दौडतो, डावा हात तुटक ठोके देतो. मग घोडा एकदम डाव्या हातात शिरतो आणि पुन्हा उजवीकडे परततो. दोन्ही हात सारखे तयार व्हावेत हे मुलाला सांगावेच लागत नाही, कारण घोडा थांबवायचा नसतो. कामावरून घरी परतणारा आनंदी शेतकरी तर मला फारच आवडतो. त्याचे गाणे आहे डाव्या हातात! नवशिक्याचा जो हात नेहमी मागे पडतो, त्यालाच इथे गळा दिला आहे, आणि उजव्याने हलकेच साथ करायची. सैनिकांच्या तुकडीत दोन्ही हात एकाच पावलाने, ताठ चालतात. अनाथ पोर आहे, पहिल्यांदा काहीतरी हरवल्याचे दुःख आहे, अरबी सुरस कथांतली शहरजादही आहे. गोष्ट ही कडू औषधावरची साखर असे मानणाऱ्या शिक्षकांनी हे तुकडे एकदा वाजवून पाहावेत. इथे गोष्ट काढून टाकली तर धडाच उरत नाही.

काही जागा मोठ्यांनाही चटका लावतात. 'आठवण' ह्या तुकड्यावर ४ नोव्हेंबर १८४७ ही तारीख आहे, त्याचा मित्र मेंडेल्सोन गेला तो दिवस. दुसऱ्या एका तुकड्यात डॅनिश मित्र नील्स गाडे याच्या आडनावातील जी, ए, डी, ई ही चार अक्षरेच स्वर म्हणून वापरली आहेत. आणि तीन तुकड्यांना नावच नाही. त्या जागी फक्त तीन तारका. तिथे गोष्ट वाजवणाऱ्याने आपली आपण शोधायची.

शूमानचा स्वतःचा शेवट मात्र फार दारुण झाला. मनाचा तोल ढळत गेला. २७ फेब्रुवारी १८५४ रोजी ड्युसेलडॉर्फला त्याने ऱ्हाइन नदीत उडी घेतली. लोकांनी वाचवले, पण नंतर तो बॉनजवळच्या एंडेनिश येथील रुग्णालयातच राहिला. जूनमध्ये जन्मलेला धाकटा फेलिक्स त्याने कधी पाहिला नाही. क्लाराला भेटू दिले ते मृत्यूच्या दोन दिवस आधी. २९ जुलै १८५६ रोजी, सेहेचाळिसाव्या वर्षी, तो गेला.

क्लाराने मैफली करून संसार ओढला आणि १८७८ पासून ती फ्रांकफुर्टच्या संगीतविद्यालयात शिकवू लागली. तिच्या विद्यार्थ्यांची तयारी करून घेण्याचे काम मारीकडे होते. वाढदिवसाला तुकड्यांची भेट मिळालेली ती मुलगी पुढे १९२९ पर्यंत जगली.