Explained : तुरुंगातला कैदी पुस्तक छापू शकतो का? काय होता प्रभाकर संझगिरी खटला?

डिजिटल डेस्क, साक्री : धुळ्याच्या तुरुंगात 1932 मध्ये विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली, हे खान्देशात बहुतेकांना ठाऊक आहे. पण तुरुंगात लिहिलेलं पुस्तक छापायला बाहेर पाठवण्याचा हक्क कैद्याला असतो का? स्वतंत्र भारतात हा प्रश्न सुप्रीम कोर्टापर्यंत नेला तो कम्युनिस्ट नेते प्रभाकर पांडुरंग संझगिरी यांनी.

चीन युद्धाच्या वेळी, 1962 मध्ये आणीबाणी लागू झाली. भारत संरक्षण नियमांखाली अनेक कम्युनिस्ट स्थानबद्ध झाले. संझगिरी मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात होते. तिथे त्यांनी सरकारच्या परवानगीनेच मराठीत पुस्तक लिहिलं, 'अणूच्या अंतरंगात'. राजकारण नाही, प्रचार नाही. विषय अणूतल्या मूलकणांचा. सप्टेंबर 1964 मध्ये त्यांनी हस्तलिखित पत्नीकडे पाठवण्याची परवानगी मागितली. सरकारने नकार दिला.

सरकारचं म्हणणं काय होतं?

स्थानबद्धांना काय काय करता येईल, याचा 1951 चा एक आदेश होता. त्यात पुस्तक छापण्याचा उल्लेख नाही, म्हणजे तो हक्कच नाही, असा सरकारचा युक्तिवाद. शिवाय आणीबाणीत मूलभूत हक्कांसाठी कोर्टात जाण्यावर राष्ट्रपतींच्या आदेशाने बंधन होतं. तरीही संझगिरी हायकोर्टात गेले आणि जिंकले. राज्य सरकारने अपील केलं.

6 सप्टेंबर 1965 रोजी न्या. सुब्बाराव यांच्या खंडपीठाने ते फेटाळलं. कोर्टाने सरकारचा तर्क उलटा केला. आदेश सवलतींची यादी नाही, तो निर्बंध घालतो. ज्यावर निर्बंध नाही, ते स्वातंत्र्य स्थानबद्धाकडेच राहतं. आणि सरकारची कृती त्या नियमांतच बसत नसेल, तर आणीबाणीतही कोर्टाचं दार बंद होत नाही. पुस्तकात देशाच्या सुरक्षेला बाधक काही नाही, हेही कोर्टाने नोंदवलं. मूलकणांच्या माहितीत सरकारला धोका दिसावा, हेच मुळात अजब होतं.

1976 मध्ये, नंतरच्या आणीबाणीत, याच कोर्टाने एडीएम जबलपूर खटल्यात स्थानबद्धांना दाद मागण्याचा मार्ग नाकारला. तो निकाल 2017 मध्ये रद्दबातल ठरला. संझगिरी निकालाचा दाखला मात्र कैद्यांच्या हक्कांच्या चर्चेत आजही दिला जातो.

संझगिरी पुढे माकपचे राज्य सचिव झाले, कामगार चळवळीत राहिले आणि लिहीतही राहिले. 2009 मध्ये त्यांचं निधन झालं.