हायरम लेनर्ड

हायरम लुईस लेनर्ड (२३ जानेवारी, १८३१ - ३० जानेवारी, १९०७) हे अमेरिकन बंदूक-कारागीर, शिकारी आणि गळाच्या काठ्या बनवणारे कारागीर होते. बांबूच्या सहा कामट्या जोडून तयार केलेली षटकोनी काठी त्यांनी यंत्राच्या साहाय्याने मोठ्या संख्येने आणि एकसारख्या दर्जाने बनवली. अशा काठीचे जनक म्हणून त्यांचे नाव अनेकदा घेतले जाते, ते मात्र अचूक नाही. त्यांचे खरे योगदान काठी टिकाऊ करण्यात, विशेषतः थंड आणि ओल्या हवेत ती जिथे हमखास मोडत असे तो जोड सुधारण्यात आहे.

सुरुवातीचे जीवन

लेनर्ड यांचा जन्म अमेरिकेच्या ईशान्य टोकाच्या मेन राज्यातील सेबेक या गावी झाला. या प्रदेशात हिवाळा दीर्घ असतो. मूसहेडसारख्या मोठ्या सरोवरांवरील बर्फ पुष्कळदा एप्रिलच्या अखेरीस किंवा मे महिन्यात फुटतो आणि त्यानंतर लगेच ट्राउट माशांच्या मासेमारीचा हंगाम सुरू होतो. तरुणपणी त्यांनी काही काळ पेनसिल्व्हेनियात यंत्रकामाशी संबंधित नोकरी केली. पुढे ते मेनला परतले आणि बँगोर शहरात शिकार, कातड्यांचा व्यापार व बंदुका बनवणे या व्यवसायांत रमले. लेखक हेन्री डेव्हिड थोरो यांनी १८५७ साली मेनच्या जंगलांतून प्रवास केला, त्या प्रवासाच्या नोंदींत या शिकाऱ्याचा उल्लेख येतो. लेनर्ड बासरी उत्तम वाजवत असत. ज्याला संगीताची जाण नाही त्याच्या हातून चांगली काठी घडणार नाही असे त्यांचे मत होते, अशी आख्यायिका आहे.

पहिली काठी

१८७१ साली लेनर्ड यांनी स्वतःच्या वापरासाठी अॅश आणि लान्सवूड या लाकडांची एक काठी तयार केली. तिचे काम पाहून बॉस्टन येथील ब्रॅडफर्ड अँड अँथनी या विक्रेत्यांनी त्यांच्याशी संपर्क साधला आणि चार कामट्यांची बांबूची काठी त्यांना दाखवली. अशी काठी आपल्याला बनवता येईल असे लेनर्ड यांनी सांगितले आणि थोड्याच काळात ते सहा कामट्यांच्या रचनेकडे वळले.

ही कल्पना त्यांच्या आधीची होती. पेनसिल्व्हेनियातील ईस्टनचे सॅम्युअल फिलिपी (१८०१-१८७७) यांनी १८४०च्या दशकात चिरलेल्या बांबूचा वापर सुरू केला होता. विशेष म्हणजे तेही बंदुकांचेच कारागीर होते. न्यू जर्सीतील नेवार्कचे चार्ल्स मर्फी यांनीही लेनर्ड यांच्यापूर्वी अशा काठ्या विकल्या होत्या. मात्र कामट्या हाताने तासण्याचे काम वेळखाऊ होते आणि एक काठी दुसरीसारखी उतरत नसे. सहाही कामट्यांचा कोन नेमका साठ अंशांचा असावा लागतो; त्यात किंचित फरक पडला तरी सांधे उघडे राहतात आणि सरस तेथे पकड घेत नाही. लेनर्ड यांनी १८७०च्या दशकात कामट्यांना असा उतार देणारे यंत्र तयार केले. ते बंद खोलीत ठेवले जाई आणि मोजक्याच माणसांना पाहायला मिळे.

थंडी, पाणी आणि जोड

काठी नेण्याआणण्यास सोयीची व्हावी म्हणून ती दोन-तीन तुकड्यांत बनवतात आणि हे तुकडे धातूच्या नळ्यांनी, म्हणजे फेरूलने, जोडतात. जुन्या काठ्यांचे सर्वात मोठे दुखणे हेच होते. नळीच्या तळातून पाणी लाकडापर्यंत झिरपे, लाकूड फुगे, वाळल्यावर आकसे आणि कालांतराने आतल्या आत कुजे. गोठणबिंदूच्या आसपासच्या हवेत अडकलेले पाणी बर्फ होऊन प्रसरण पावे, त्यामुळे सैल झालेला जोड आणखी सैल होई. वरून काठी धडधाकट दिसे आणि मोठा मासा लागताच नळीच्या तोंडाशी मोडे.

लेनर्ड यांनी २६ ऑक्टोबर, १८७५ रोजी फेरूलचे एकस्व मिळवले. त्यात नळीच्या आत धातूचा पडदा बसवून पाण्याची वाट बंद केली होती. ३ सप्टेंबर, १८७८च्या दुसऱ्या एकस्वात नळीच्या कडेला चिरा पाडल्या होत्या. काठी वाकली की ताठ कड बांबूत रुतण्याऐवजी ही कड त्याच्याबरोबर थोडी वाकते आणि ताण एका रेषेत साठत नाही. या दोन्ही तारखा त्यांच्या काठ्यांवरील शिक्क्यात कोरलेल्या असत. ग्राहकाच्या नजरेस न येणाऱ्या या दोन सुधारणा षटकोनी आकारापेक्षा अधिक मोलाच्या मानायला हव्यात.

कलकत्त्याचा बांबू

त्या काळातील काठ्यांचा बांबू भारतातून जात असे. कलकत्ता बंदरातून निर्यात होत असल्याने तो 'कलकत्ता केन' या नावाने ओळखला गेला. तो सामान्यतः मानवेल जातीचा मानला जातो. हीच जात महाराष्ट्राच्या जंगलांत, मुंबई उपनगरांतील बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातही आढळते. निर्यातीच्या बांबूवर बहुधा भाजल्याचे काळे डाग असत. कीड मारण्यासाठी किंवा बांबू सरळ करण्यासाठी तो भाजत असावेत. डागाखालचे तंतू कमकुवत असल्याने तेवढा भाग टाकून द्यावा लागे. बांबूची ताकद सालीलगतच्या दाट तंतूंत असते, म्हणून कामटी आतल्या बाजूनेच तासतात. शेजारच्या कामट्यांची पेरे एका पातळीवर येणार नाहीत अशी मांडणी करतात. काठी पारखणारा गिऱ्हाईक आजही आधी हेच पाहतो.

या काठ्यांनाही मर्यादा होत्या. कामट्या जनावरांपासून केलेल्या सरसाने चिकटवत आणि वर रेशमी धागा गुंडाळून व्हार्निश देत. कोरड्या थंडीत हा सरस उत्तम टिकतो, पण दमट उष्णतेत मऊ पडतो. पवई तलावावर गळ टाकणाऱ्यांना मुंबईच्या पावसाळ्यात अशी काठी जपणे मेनच्या बर्फापेक्षा कठीण गेले असते.

नंतरचा काळ

१८७०च्या दशकाच्या अखेरीस न्यू यॉर्कची विल्यम मिल्स अँड सन ही कंपनी व्यवसायात भागीदार झाली आणि १८८१ साली कारखाना न्यू यॉर्क राज्यातील सेंट्रल व्हॅली येथे हलला. फ्रेड थॉमस, यूस्टिस एडवर्ड्स, एडवर्ड पेन आणि हायरम हॉज हे त्यांच्या हाताखाली तयार झालेले कारागीर पुढे स्वतंत्रपणे नावारूपाला आले.

लेनर्ड यांचे १९०७ साली सेंट्रल व्हॅली येथे निधन झाले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दक्षिण चीनमधील टोंकिन बांबूने कलकत्त्याच्या बांबूची जागा घेतली. कारखान्याला १९६४ साली आग लागली, तरी त्यांच्या नावाने काठ्या त्यानंतरही काही वर्षे बनत राहिल्या.