सुरक्षा सोपी हवी, हे १८८३ मध्येच सांगणारे जर्मनचे मास्तर

नवं ॲप उघडलं की मोबाइल विचारतो, कॅमेरा वापरू देऊ का? बरेच जण न वाचताच होकार देतात. गडचिरोलीच्या भामरागडमध्ये बसलेल्या माणसाने शंका विचारायची तरी कुणाला? कुणाच्या मदतीशिवाय वापरता येईल अशी सुरक्षा कशी असावी, याचं उत्तर भाषेच्या एका मास्तरांनी फार पूर्वी दिलंय.

त्यांचं नाव ऑग्युस्त केर्कहॉफ्स.

जन्म १९ जानेवारी १८३५ चा, आजच्या नेदरलँड्समधल्या नुथ गावचा. शिक्षण बेल्जियमच्या लिएज विद्यापीठात. पुढे ते पॅरिसच्या वाणिज्य महाविद्यालयात जर्मन शिकवू लागले.

१८७०-७१ च्या युद्धात प्रशियाने फ्रान्सला हरवलं होतं. दूरच्या तुकड्यांना हुकूम आता तारेने जायचे आणि वाटेत तार फोडली तर सगळं उघड. म्हणून सांकेतिक लिपी हवी होती. केर्कहॉफ्स यांनी १८८३ च्या जानेवारी आणि फेब्रुवारीत एका फ्रेंच लष्करी मासिकात यावर लेख लिहिला आणि सहा नियम मांडले.

त्यातला दुसरा नियम जगप्रसिद्ध झाला. लिपीची पद्धत शत्रूच्या हाती लागली तरी बिघडू नये, गुपित फक्त किल्लीत असावं. आजची संगणक सुरक्षा यावरच उभी आहे.

पण पाचवा आणि सहावा नियम मागे पडला. साधन एकट्या माणसाला सोबत नेता यावं आणि वापरता यावं. ते सोपं असावं, डोक्याला ताण नको, नियमांची लांबलचक यादी पाठ करायला नको. कारण साधं आहे. थकलेल्या, घाईतल्या सैनिकाला पद्धत अवघड वाटली, तर तो चुकतो किंवा ती वापरतच नाही.

सोपेपणाचा हा ध्यास त्यांनी सोडला नाही. व्होलाप्यूक या कृत्रिम जागतिक भाषेचे ते मोठे प्रचारक होते. तिचं व्याकरण सोपं करा म्हणून ते तिच्या निर्मात्याशीच भांडले आणि शेवटी बाहेर पडले. १९०३ मध्ये त्यांचं निधन झालं.

मागे पडलेला नियम पुढे महागात पडला. २००० मध्ये अमेरिकेच्या सुरक्षा संस्थेने लिनक्ससाठी एसई-लिनक्स ही कडक नियमावली खुली केली. कोणता प्रोग्राम कोणत्या फाइलला हात लावू शकतो, हे ती ठरवते. पण नियम इतके किचकट की काम अडलं की अनेक जण ती सरळ बंदच करायचे. म्हणजे कुलूप भक्कम, पण दार उघडं!

अँड्रॉइडने वेगळी वाट धरली. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीपासून हीच नियमावली फोनमध्ये पडद्यामागे पूर्णपणे लागू झाली. आपल्याला काहीच करावं लागत नाही. २०१५ पासून तर कॅमेऱ्यासारख्या परवानग्या ॲप घेतानाच एकगठ्ठा न मागता, गरज पडेल तेव्हा मागितल्या जातात.

म्हणून पुढच्या वेळी प्रश्न आला की क्षणभर थांबा. टॉर्चच्या ॲपला तुमचे कॉन्टॅक्ट कशाला हवेत? हा निर्णय भामरागडच्या माणसालाही एकट्याने घेता यावा, एवढीच तर मास्तरांची अट होती.