नामदार गोपाळ कृष्ण गोखले

भडगावच्या बाजारात चिमूटभर मिठाचा विचार कोणी करीत नाही. परंतु एके काळी गरिबाच्या मिठावर भारी कर होता, आणि त्याविरुद्ध झटलेल्या गृहस्थाचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देतो.

गोपाळरावांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे झाला. बालपणीच पितृछत्र हरपले. थोरले बंधू गोविंदराव आपल्या १५ रुपये पगारातून ८ रुपये त्यांस शिक्षणासाठी पाठवीत. १८८४ साली पदवी घेऊन ते पुण्यास शिक्षक झाले व पुढे फर्ग्युसन कॉलेजात शिकवू लागले. न्यायमूर्ती रानडे हे त्यांचे गुरू.

१८९७ साली विलायतेत असता, पुण्यातील प्लेगच्या तपासणीत सोल्जरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचे त्यांनी पत्रांवरून प्रसिद्ध केले. परत आल्यावर पुरावा मिळेना, तेव्हा त्यांनी उघड माफी मागितली. स्वकीयांनी त्यांस भित्रे म्हटले. तो अपमान त्यांनी मुकाट्याने सोसला.

१८९९ साली ते मुंबई कायदे कौन्सिलात निवडून आले. १९०१ साली शेतकऱ्याच्या जमिनीवरील हक्कास बाध आणणारे बिल आले, तेव्हा ते सहकाऱ्यांसह सभा सोडून बाहेर पडले. १९०२ पासून वरिष्ठ कौन्सिलात त्यांनी जमाखर्चाचे आकडे मांडून मिठावरील कराविरुद्ध वाद घातला. मणामागे अडीच रुपयांचा तो कर १९०७ पर्यंत टप्प्याटप्प्याने एक रुपयावर आला. १९०५ साली ते काशीच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले व त्याच वर्षी त्यांनी भारत सेवक समाज स्थापिला.

१६ मार्च १९११ रोजी त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे बिल मांडले. ज्या घरची मासिक प्राप्ती १० रुपयांहून कमी, त्या घरच्या मुलास फी माफ, असे त्यात होते. पुढील वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी, ते निवर्तले.

ते बिल पडले, पण बी रुजले. १ एप्रिल २०१० पासून ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक बालकास मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदेशीर हक्क मिळाला. म्हणून आमची वाचकांस विनंती इतकीच, की चूक झाल्यास ती कबूल करण्यास लाजू नये, आणि कापसाच्या वेचणीसाठी मुलास शाळेतून काढू नये.