पडदा ओढून केलेलं उड्डाण

लाँग आयलंडवरची आपली मंडळी भारतातून आलेल्या पाहुण्यांना क्रेडल ऑफ एव्हिएशन म्युझियम दाखवायला नेतात. ती जागा म्हणजे पूर्वीचा मिचेल फील्ड हा लष्करी विमानतळ. जिमी डूलिटल यांनी इथेच एक अचाट प्रयोग केला.

डूलिटल जन्मले १८९६ मध्ये कॅलिफोर्नियात, बालपण गेलं अलास्कात. सैन्यात वैमानिक झाले आणि कसरतींसाठी गाजले. पण हा गडी नुसता धाडसी नव्हता, एमआयटीतून १९२५ मध्ये विमानविद्येत डॉक्टरेट मिळवलेला होता. १९२२ मध्ये फ्लोरिडाहून कॅलिफोर्नियाला एका दिवसाच्या आत जाताना रात्री ते वादळात सापडले. विमान किती वळतंय हे दाखवणाऱ्या साध्या काट्याने तेव्हा त्यांना तारलं.

त्या काळी धुक्यात शिरलेले चांगले चांगले वैमानिक मरत. कारण आपल्याच कानात आहे. आतल्या कानातल्या द्रवामुळे शरीराला वळण कळतं, पण एकसारखं वळत राहिलं की ती जाणीव विरून जाते. क्षितिज दिसत नसेल तर विमान तिरकं खाली जात असताना आपण सरळ चाललोय असंच वाटतं. हेलिकॉप्टरचंही तेच. २६ जानेवारी २०२० ला लॉस एंजेलिसजवळ कोबी ब्रायंटसह नऊ जण गेले, तेव्हा वैमानिक ढगात शिरला होता. आपण वर चढतोय असं त्याने नियंत्रकांना कळवलं, प्रत्यक्षात हेलिकॉप्टर खाली येत होतं. आणि तेही दिवसाढवळ्या!

म्हणजे स्वतःच्या शरीरावर अविश्वास आणि काट्यांवर विश्वास, हे शिकायला हवं होतं. गुगेनहाइम फंडाच्या पैशातून डूलिटल यांनी मिचेल फील्डवर त्यावर काम केलं. स्पेरी कंपनीने जायरोस्कोपवर चालणारं कृत्रिम क्षितिज आणि दिशादर्शक दिला, कोल्समन यांनी उंची अगदी बारकाईने दाखवणारं यंत्र. रेडिओच्या मार्गावर विमान नीट असलं की कॉकपिटातल्या दोन पट्ट्या सारख्याच थरथरत. एक जास्त थरथरली की समजायचं, बाजूला सरकलो.

२४ सप्टेंबर १९२९ ला डूलिटल मागच्या कॉकपिटमध्ये बसले आणि वरून पडदा ओढून घेतला. पुढे लेफ्टनंट केल्सी होते, गरज पडलीच तर विमान सांभाळायला. ती पडली नाही. उड्डाण, वळणं, उतरणं, सगळं बाहेर न बघता साधारण पंधरा मिनिटांत!

आता गंमत बघा. १८ एप्रिल १९४२ ला टोकियोवर बॉम्ब टाकून ते चीनकडे निघाले, तेव्हा पुन्हा रात्र, पाऊस आणि ढग. कॉकपिटात सगळे काटे होते, वापरणारे स्वतः डूलिटल होते. पण जमिनीवरून वाट दाखवणारा रेडिओ संकेतच आला नाही. विमान सरळ ठेवता आलं, उतरवायचं कुठे ते कळेना. शेवटी इंधन संपत आलं आणि पाचही जणांनी पॅराशूटने उड्या मारल्या. पाचही वाचले. डूलिटल मात्र पडले ते सोनखत घातलेल्या भातखाचरात!

पुढे ते जनरल झाले, मेडल ऑफ ऑनर मिळालं आणि १९९३ मध्ये, ९६ व्या वर्षी, कॅलिफोर्नियात घरी वारले. बहुतेकांना ते टोकियोमुळे माहीत असतात. मला मात्र ती पडद्याआडची पंधरा मिनिटं मोठी वाटतात.