मुलांच्या वाडीचा माळी

बालवाडी हा शब्द आपल्या तोंडी रोजचा झाला आहे. पण वाडी म्हणजे नारळी-पोफळीची, निगा राखलेली बाग, हे आपण विसरतो. मूल हे रोप आणि शिक्षिका ही माळीण, हा विचार जगापुढे मांडून ज्यांनी तो करून दाखविला, त्या फ्रेडरिक फ्रोबेल यांची ओळख भगिनींना करून द्यावी म्हणून हे चार शब्द लिहीत आहे.

जर्मनीत थुरिंजियाच्या डोंगराळ मुलखात ओबरवाइसबाख नावाचे गाव आहे. तेथे २१ एप्रिल १७८२ रोजी एका धर्मोपदेशकाच्या घरी त्यांचा जन्म झाला. मूल वर्षाचेही झाले नाही तोच आई वारली. सावत्र आईने माया लावली नाही. घरात कोणी जवळ घेईना, म्हणून ते पोर बागेत, झाडापानांत रमू लागले. पंधराव्या वर्षी वडिलांनी त्यांना एका वनाधिकाऱ्याकडे उमेदवारीस ठेवले. दोन वर्षे रानच त्यांचे गुरू झाले. पुढे ते शिक्षक झाले आणि स्वित्झर्लंडला जाऊन पेस्तालोत्सी या नामवंत शिक्षकाजवळ राहिले.

१८३७ साली त्यांनी ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी काम सुरू केले. लोकरीचे रंगीत चेंडू, लाकडी गोळे व ठोकळे ही तेथली साधने. १८४० साली त्यांनी आपल्या संस्थेला किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग, असे नाव दिले. ते नाव नुसते शोभेचे नव्हते. प्रत्येक मुलाला स्वतःचा वाफा असे. पेरायचे, पाणी घालायचे, उगवण्याची वाट पाहायची, सारे त्यानेच करायचे. सामाईक वाफे सर्वांनी मिळून राखायचे. आपले आणि सर्वांचे यातला फरक मूल मातीत हात घालून शिके. या कामासाठी फ्रोबेल यांनी तरुण स्त्रियांना शिकवून तयार केले, हे आपण स्त्रियांनी विशेष ध्यानात ठेवावे.

परंतु ऑगस्ट १८५१ मध्ये प्रशियाच्या सरकारने या बालोद्यानांवर बंदी घातली. तेथे नास्तिकपणा व समाजवाद शिकवितात, असा ठपका आला. वास्तविक त्यांचा पुतण्या कार्ल याने मुलींच्या शिक्षणावर एक पुस्तिका लिहिली होती. त्याची मते काकांच्या माथी मारली गेली. फ्रोबेल यांनी खुलासे केले, ते व्यर्थ गेले. २१ जून १८५२ रोजी, बंदी कायम असतानाच, त्यांनी देह ठेवला. बेर्था फॉन मारेनहोल्ट्झ-ब्यूलो या बाईंनी त्यांचे काम नेटाने पुढे चालविले, आणि १८६० साली बंदी उठली.

२०२१ साली अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याने उघड्यावर, झाडीत भरणाऱ्या शिशुशाळांना परवाना देण्याचा कायदा केला. त्या देशात असे करणारे ते पहिलेच राज्य. परवाना नको असे मी म्हणत नाही. पिण्याचे पाणी, सावली, एका बाईकडे मुले किती, हे कोणीतरी पाहिलेच पाहिजे. मात्र पाहणाऱ्याने वाफ्यापाशी येऊन, मुलांकडे बघून निर्णय द्यावा. प्रशियाच्या सरकारने कागद तेवढा पाहिला, आणि तोही दुसऱ्याचा. त्यापायी नऊ वर्षे मुलांच्या बागा बंद राहिल्या.

आपल्या अंगणातला एखादा कोपरा मुलांच्या हाती देण्यास मात्र कोणाचाही परवाना लागत नाही. मूठभर मेथी पेरून भगिनींनी एवढे जरूर करून पाहावे.